आबाजींची पलटण शोधताना

आमचे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी मिलिटरीत होते एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोणत्या पलटणीत होते, कधी भरती झाले, लढाईवर गेले की छावणीतच राहिले, हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. १९८१ साली ते वारले तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. आजी होती तोपर्यंत तिला विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, आणि २०११ मध्ये तीही गेली.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेरी माटी मेरा देश' अभियान आलं. गावोगावी ग्रामपंचायतीसमोर शिलाफलक बसत होते. आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावातही ग्रामसेवकांनी घरोघरी विचारलं, तुमच्याकडचं कुणी फौजेत होतं का? फलक होता देशासाठी जीव दिलेल्यांचा. आबाजी तर धडधाकट परत आले होते, त्यामुळे त्यांचं नाव त्यावर येण्याचा प्रश्न नव्हता. पण ग्रामसेवकांनी सहज विचारलं, "कागद काही आहे का त्यांचा?" बाबा म्हणाले, "एक बिल्ला आहे." मी तेव्हा माहेरी आले होते. तो बिल्ला मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतला आणि हे काम सुरू झालं. संपलं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. असंच काम डोक्यात असलेल्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

कागदांच्या मागे लागण्याआधी मी आत्याकडे गेले. ती पंचाहत्तर वर्षांची आहे, घरातली सगळ्यात मोठी. 'युद्धाबद्दल सांग' म्हटलं तर ती म्हणाली, "मले काय मालूम, मी तं नंतरची." मग मी बारीकसारीक विचारत गेले. आबाजी काय खात नसत, रागावले की कोणत्या भाषेत बोलत, कोणत्या गावांची नावं घेत. तेव्हा ती खुलली. "बाबा बसऱ्याचं लय सांगत. तिथलं पानी खारं, अन् खजुराचे झाडं आपल्या सिंदीवानी, पन मोठाले." आणि एक गोष्ट तिने आपल्या आजीकडून ऐकलेली: सुटून आले तेव्हा पुलगावला उतरून छोट्या गाडीने आर्वीला आले, अंगावर खाकी होती आणि डोक्यावर लोखंडी पेटी. पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज तेव्हा चालू होती. मी हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. बाबांना इराकमधल्या बसऱ्याची ही गोष्ट पटत नव्हती. त्यांच्या मते आबाजी ब्रह्मदेशात होते, बसरा पहिल्या महायुद्धातला, म्हणजे कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याची गोष्ट आत्याच्या डोक्यात बसलेली. बहीणभावांचा हा वाद वर्षभर चालला.

आता बिल्ल्याबद्दल. दसऱ्याच्या साफसफाईत आबाजींची पेटी माळ्यावरून खाली काढली. कागद वाळवीने खाल्ले होते, नुसता भुसा उरला होता. पदक, म्हणजे तोच बिल्ला, मात्र चांगलं होतं. रुपेरी रंगाचं, गोल, एका बाजूला राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला दुतोंडी अजस्र प्राण्याच्या अंगावर उभा सिंह आणि वर १९३९, १९४५ ही सालं. हे दुसऱ्या महायुद्धाचं वॉर मेडल. ते घासूनपुसून चकचकीत करायचा मोह होतो, तसं करू नका. महत्त्वाचं असतं ते कडेवर. भारतीय सैनिकांच्या या पदकांच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मी पातळ कागद कडेवर धरून वरून पेन्सिल हळूहळू घासली. आधी आकडे उमटले, शेवटचा आकडा झिजलेला. मग सिपॉय या हुद्द्याचं आखूड रूप, मग इंग्रजीत नाव, आडनाव नाहीच, आणि शेवटी 'महार आर', म्हणजे महार रेजिमेंट. दोन पिढ्या पेटीत पडून असलेली माहिती कागदावर आली होती, आणि बाबा तो कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा पुन्हा वाचत होते.

पदकाच्या पट्टीवर फितीचा आणखी एक तुकडा शिवलेला होता, त्याला पदक नव्हतं. मध्ये रुंद लाल, दोन्ही बाजूंना गडद निळा, निळ्याच्या मधोमध नारिंगी. ही बर्मा स्टारची फीत. तो सहा टोकांचा पितळी रंगाचा तारा लहानपणी खेळता खेळता विहिरीत पडला असं आत्या सांगते. तारा गेला तरी फितीने सांगायचं ते सांगितलं. ब्रह्मदेशाबद्दल बाबांचं म्हणणं खरं निघालं.

आम्ही बौद्ध, १९५६ आधीचे महार. आबाजींचा बाप लष्करात का नव्हता आणि आबाजी कसे गेले, याचा उलगडा मला या निमित्ताने वाचताना झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभारली आणि काही वर्षांतच मोडून टाकली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले, तिथे त्यांनी हा विषय लावून धरला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली आपल्या कामठीला. आर्वीकडच्या पोरासाठी कामठी म्हणजे घराजवळचीच भरती.

डिसेंबर २०२३ मध्ये मी आणि बाबा वर्ध्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. (मला महिलांची अर्धी तिकीट, बाबांना ज्येष्ठांची अर्धी, आणि आत्या सोबत असली की तिची पूर्ण माफ. एसटीने हे काम फार स्वस्तात होतं.) तिथे विचारताना मी आबाजींचंच नाव सांगत होते आणि काही सापडत नव्हतं. सहाजिक होतं, त्यांना पेन्शन नव्हती. युद्धापुरती भरती झालेल्या अशा कितीतरी जणांना ती मिळाली नाही. तिथल्या बाबूंनी, जे स्वतः माजी सैनिक आहेत, एक प्रश्न विचारला, "आजीला काही मिळत होतं का?"

मिळत होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या पेन्शन नसलेल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा मानधन देतं. आजी दरवर्षी कुणाला तरी सोबत घेऊन वर्ध्याला जायची हे मला अंधुक आठवत होतं. घरात त्याला 'आजीचा पगार' म्हणत. तो पगार कशाचा, हे आम्ही नातवंडांनी कधी विचारलं नव्हतं. बाबूंनी आजीच्या नावाने फाइल शोधायला घेतली. ती पुढच्या खेपेला, जानेवारीत, मिळाली.

त्या फाइलबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. पिवळं पुठ्ठ्याचं कव्हर, लाल नाडी, वर मराठीत आजीचं पूर्ण नाव आणि त्याखाली 'कै.' लिहून आबाजींचं. आत सगळ्यात वर तिचे हयातीचे दाखले, एकावर एक लावलेले. प्रत्येकावर डाव्या अंगठ्याचा निळा ठसा. सुरुवातीच्या ठशांत रेषा स्पष्ट दिसतात. पुढेपुढे ठसा पसरट होत जातो. आयुष्यभर निंदण-वेचणी केलेल्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा शेवटी शाईत उमटेनाशा झाल्या होत्या, म्हणून एका दाखल्यावर कारकुनाने दोनदा ठसा घेतलाय. मी ते कागद उलटत होते आणि मला पुढचं वाचता येईना. बाबांनी फाइल माझ्या हातातून घेतली आणि तेच शेवटपर्यंत गेले. तळाशी आबाजींच्या डिस्चार्ज सर्टिफिकेटची साक्षांकित झेरॉक्स होती. करडी पडलेली, पण नंबर पूर्ण, बापाचं नाव, गाव, 'तहसील आर्वी, जिल्हा वर्धा', आणि बटालियनच्या रकान्यात '२'. मूळ कागद वाळवीने खाल्ला होता, त्याची छाया आजीच्या फाइलने जपून ठेवली होती.

म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं हेच, की घरातल्या पुरुषाचा लष्करी कागद हवा असेल तर आधी घरातल्या बाईचे कागद शोधा. आजीचं पासबुक, मानधनाची पावती, हयातीचा दाखला, ओळखपत्र, जे असेल ते. सैनिक पाच-सात वर्षं नोकरी करून आला आणि विसरला गेला, पण विधवेला आपण त्याची बायको आहोत हे सरकारला वर्षानुवर्षं सिद्ध करावं लागलं. कागद तिनेच सांभाळले.

त्या झेरॉक्सची नक्कल वारसांना लेखी अर्जावर मिळते. इथे नावांचा घोळ निघाला. लष्करात आबाजींचं नुसतं नाव आणि बापाचं नाव. आजीच्या फाइलमध्ये आडनावासह. आणि ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीत त्यांचं गावातलं हाकेचं नाव. तीन कागद, तीन माणसं. त्यासाठी बाबांनी 'ही तिन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र केलं, लिहिणावळीसकट चारशेच्या आसपास गेले. त्याला आधार म्हणून १९२०-२५ च्या दरम्यानची जन्माची नोंद हवी होती. ती मिळवायला मी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकलेसाठी अर्ज दिला. मार्च २०२४ होता, लोकसभेची आचारसंहिता लागली, सगळा स्टाफ निवडणुकीच्या कामाला. वर्ध्याचं मतदान २६ एप्रिलला झालं आणि मे महिन्यापर्यंत कुणाला वेळ नव्हता. त्यात कुणाचा दोष नाही, पण तुम्ही अर्ज देताना निवडणुकीचं आणि मार्चअखेरचं बघून द्या.

नक्कल मात्र त्याआधीच मिळाली, आणि तीही घरातच. माझ्या पुतणीची जात पडताळणी काही वर्षांपूर्वी झाली होती. तिच्या फाइलमध्ये वंशावळ, प्रतिज्ञापत्र आणि आबाजींच्या जन्माची कोतवाल बुकातली नक्कल, सगळं व्यवस्थित लावलेलं. विदर्भात आरक्षणातून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येक घरात अशी एखादी फाइल असतेच. तहसीलला जाण्याआधी ती काढा.

अर्ज कुणाच्या नावाने करायचा याचाही विचार करा. माझं लग्न होऊन आडनाव बदललेलं, मी यवतमाळला राहते. माझ्या नावाने अर्ज केला असता तर आणखी दोन कागद जोडावे लागले असते. म्हणून सगळे अर्ज बाबांच्या नावाने, त्यांच्या सहीने, आणि मोबाईल नंबर माझा.

महार रेजिमेंटचं केंद्र युद्धानंतर १९४६ मध्ये कामठीला होतं, पुढे ते मध्य प्रदेशात सागरला गेलं. आज कामठीला गार्ड्स या दुसऱ्या रेजिमेंटचं केंद्र आहे. तिथे जाऊन विचारलं तर महार रेजिमेंटचे कागद मिळणार नाहीत, ते सागरलाच. जून २०२४ मध्ये मी सागरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला. हिंदीत, एका पानाचा. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, तहसील, जिल्हा हे त्या काळी होतं तसं, म्हणजे राज्य 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. सोबत मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, बाबांचं आधार, पदकाच्या कडेचा पेन्सिलीने घेतलेला ठसा आणि डिस्चार्जची झेरॉक्स. प्रत्येक कागदावर बाबांची सही. सगळ्याचा एक संच घरी ठेवला.

याच सुमारास एका खासगी माणसाने मला फोन करून आठ हजारांत 'पूर्ण मिलिटरी रेकॉर्ड' काढून देतो म्हणून सांगितलं. मी नाही म्हटलं. पुढे जे मिळालं ते टपालखर्चात मिळालं, त्यामुळे तुम्हीही कुणाला पैसे देऊ नका.

ऑगस्टमध्ये उत्तर आलं. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सर्व्हिसचे कागद नियमाप्रमाणे पंचवीस वर्षांनी नष्ट केले जातात, तसे हेही नष्ट झाले आहेत. पत्र सभ्य होतं, दोन परिच्छेदांचं. बाबा म्हणाले, "जाऊ दे बाई, लय झालं." मलाही तसंच वाटलं. ज्या माणसाने घरच्यांचं पोट भरायला नाव नोंदवलं आणि ब्रह्मदेशापर्यंत गेला, त्याचे कागद पंचवीस वर्षांनी रद्दी होतात, हे मला फार लागलं. पेन्शनवाल्यांचे पन्नास वर्षं ठेवतात. म्हणजे ज्याला कमी मिळालं, त्याची आठवणही कमी दिवस. काही आठवडे मी फाइल उघडलीच नाही.

वर्ध्याच्या त्या बाबूंना धन्यवाद द्यायला फोन केला आणि बोलता बोलता हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, शीट रोल जातो. लाँग रोल जात नाही. तुम्ही लाँग रोल मागितला का?" मी नव्हता मागितला, मला तो शब्दच ठाऊक नव्हता. शीट रोल म्हणजे एकेका सैनिकाचे सर्व्हिसचे कागद, आणि लाँग रोल म्हणजे पलटणीची कायमची नोंदवही. प्रत्येक माणसाची एक ओळ: नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची तारीख, सुटल्याची तारीख, कारण. बाकी सगळं नष्ट झालं तरी ही वही ठेवतात. पेन्शनच्या कोर्टकचेऱ्यांतही तीच उपयोगी पडते.

सप्टेंबरमध्ये माहितीच्या अधिकारात अर्ज केला, मागणी एका वाक्याची: अमुक नंबरच्या सैनिकाच्या लाँग रोलमधील नोंदीची साक्षांकित प्रत. इथे एक लक्षात ठेवा. राज्याच्या कार्यालयात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतं, केंद्राच्या कार्यालयाला तो चालत नाही. लष्कर केंद्राचं. त्यामुळे १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची, किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाइन भरायचे. लहान पोस्टात पोस्टल ऑर्डर शिल्लक नसते, मला ती तालुक्याच्या पोस्टातून आणावी लागली. उत्तराची मुदत तीस दिवसांची, आणि ते नाही आलं तर पहिलं अपील करता येतं. मला अपिलाची गरज पडली नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी पाकीट आलं. एका पानावर शिक्का आणि सही, आणि टाइप केलेली नोंद. भरती १९४२, कामठी. सुटका १९४७. गावाच्या नावाचं स्पेलिंग असं की आपल्यालाच ते उच्चारून बघावं लागतं, पण गाव आमचंच. आबाजी भरती झाले तेव्हा वय वीस.

उरला बसरा. त्याचं उत्तर लाँग रोलमध्ये नसतं, ते बटालियनच्या इतिहासात शोधावं लागतं, म्हणून बटालियनचा नंबर इतका महत्त्वाचा. महार रेजिमेंटच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियन वायव्य सरहद्दीवर होत्या, पंचवीसावी देशातच बंदोबस्तावर. दुसरी ब्रह्मदेशाच्या मोहिमेत गेली, आणि युद्ध संपल्यावर तिला इराकला पाठवलं. बहीणभाऊ दोघंही बरोबर होते. मी आत्याला फोनवर वाचून दाखवलं तर ती एवढंच म्हणाली, "मंग! मी काय लबाड बोलतो का?" आणि लगेच बाबांना फोन द्यायला सांगितलं.

आणखी एक सांगायचं राहिलं. इंटरनेटवर बरेच जण आधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधतात. ती यादी फुकट आहे आणि उत्तम आहे, भारतीय सैनिकांच्या नोंदीत बरेचदा बापाचं नाव आणि गावही सापडतं. पण ती यादी युद्धात मेलेल्यांची आहे. तुमचा माणूस घरी परत आला असेल तर तो तिथे नसणार, आणि तिथे नाही म्हणून तो फौजेत नव्हता असं होत नाही.

सगळा खर्च, एसटी, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, टपाल धरून दोन हजारांच्या आत बसला. लाँग रोलच्या प्रतीची एक झेरॉक्स ग्रामपंचायतीत दिली, एक वर्ध्याला आजीच्या फाइलला लावायला दिली. मूळ प्रत प्लास्टिकच्या साध्या फोल्डरमध्ये आहे, लॅमिनेट केलेली नाही, कारण लॅमिनेट केलेल्या कागदाची साक्षांकित प्रत काढताना अडचण येते. वाळवीचा अनुभव असल्याने फोल्डर लाकडी कपाटात न ठेवता स्टीलच्या डब्यात ठेवलाय, आणि स्कॅन सगळ्या भावंडांच्या मोबाईलवर पाठवलाय.

आमच्या वस्तीतून त्या काळात आणखी काही जण गेले होते असं आत्या सांगते. त्यातल्या एका घरचे मागच्या महिन्यात माझ्याकडे आले. त्यांच्याकडे पदक नाही, नंबर नाही, पण म्हातारीच्या मानधनाचं जुनं पासबुक आहे. पुढच्या सोमवारी आम्ही ते घेऊन वर्ध्याला जाणार आहोत.